लसीचा पुरावा मागितला तर काय करायचं, आणि मागायचाच असेल तर कसा मागायचा

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण त्या काळात घातलेल्या अटी काही त्या दिवशी आपोआप संपल्या नाहीत. कुठे नोकरीच्या फॉर्ममध्ये लसीचा रकाना तसाच राहिला, कुठे सर्टिफिकेटच्या कॉप्या अजून कुणाच्या तरी कपाटात पडून आहेत. आणि पुढची साथ आली की हे सगळं पुन्हा सुरू होणार, म्हणून आत्ता डोकं शांत असतानाच नीट समजून घेतलेलं बरं.

आधीच सांगते, मी लस घेणाऱ्यांपैकी आहे, घरच्या सगळ्यांना घ्यायला लावली आहे आणि पुढेही लावेन. पण २०२१ मध्ये आमच्या ऑफिसनं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय आत सोडायचं नाही असा नियम काढला तेव्हा सुरुवातीचे काही दिवस गेटवर तपासायला ज्यांना उभं केलं होतं त्यात मी होते. एका सकाळी सफाईचं काम करणाऱ्या मावशी आल्या. दोन्ही डोस झालेले, पण नोंदणी मुलाच्या मोबाइल नंबरवर, मुलगा कामावर गेलेला आणि त्याचा फोन काही लागेना. त्यांच्या हातात लॅमिनेट केलेली प्रिंट होती, कागदाची घडी नेमकी क्यूआर कोडवरून गेलेली, वरून प्लॅस्टिकवर उजेड चमकतोय, मी फोन दहा वेळा वाकडातिकडा करून पाहिला पण स्कॅन होईना. मी त्यांना परत पाठवलं. त्यांचा त्या दिवसाचा पगार गेला. पाचच मिनिटांनी एक साहेब आले, आवाज बसलेला, खोकतायत, पण फोनवर हिरवी खूण दिसली म्हणून त्यांना आत सोडलं. नियम मी अगदी शब्दाप्रमाणे पाळला होता आणि आजार माझ्या समोरून आत गेला होता. त्या दिवसानंतर मी या विषयावर वाचायला लागले, माणसांना विचारायला लागले, आणि त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहितेय.

कुठलीही अट समोर आली, म्हणजे शाळेची असो, नोकरीची असो की प्रवासाची, तर सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायची: ही लस कुणाला वाचवते? मला, की माझ्या शेजारी बसणाऱ्याला? बाकीचे प्रश्न यानंतर.

धनुर्वाताच्या लसीचं उदाहरण बघा. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, जखमेतून जंतू शरीरात जातात. म्हणजे मी ती लस नाही घेतली तर धोका माझा मलाच. ती घ्यावी हे शंभर टक्के खरं, पण ‘तुम्ही घेतली नाही तर इतरांना होईल’ हे कारण तिथे लागू होत नाही. आता दुसरं टोक बघा, गोवर. एक गोवराचा पेशंट, आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, साधारण १२ ते १८ जणांना लागण देतो आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. त्याच्या लसीचे दोन डोस जवळजवळ ९७ टक्के लोकांना वाचवतात आणि ती प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं टिकते. म्हणून गोवरासाठी ९५ टक्के लोकांचं लसीकरण हवं असं म्हणतात. हा आकडा कुठून येतो तेही सोपंय, एक पेशंट १५ जणांना देत असेल तर त्यातल्या १४ जणांपाशी साखळी तुटली पाहिजे, तरच साथ वाढत नाही, आणि १५ पैकी १४ म्हणजे ९३ टक्के, वर काहींना लस लागू पडत नाही तेवढी थोडी जास्तीची जागा. इथे माझी लस खरोखरच दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाचं संरक्षण असते, कारण अगदी लहान बाळाला ती लस देताच येत नाही. शाळेत गोवराच्या लसीची अट घालतात ती मला पटते ती यासाठीच.

कोविड या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो, आणि गोची अशी की त्याची जागा वेळेनुसार बदलत गेली. सुरुवातीला लसीमुळे लागण आणि फैलाव बऱ्यापैकी कमी होत होता. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन आला आणि लस घेतलेल्यांनाही सर्रास लागण होऊ लागली. गंभीर आजारापासून आणि मृत्यूपासून मिळणारं संरक्षण मात्र पुष्कळ टिकून राहिलं. म्हणजे लस घ्यायचं कारण संपलं नाही, पण ‘न घेतलेल्याला आत येऊ देऊ नका’ या अटीच्या खालची जमीन सरकली. बहुतेक भांडणं यातूनच झाली, एक जण म्हणतोय लस उपयोगी आहे, दुसरा म्हणतोय अट निरुपयोगी आहे, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असूनही एकमेकांना खोटं पाडतायत. हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. घरात वाद होत असेल तरी आधी विचारा की आपण लसीबद्दल बोलतोय का अटीबद्दल, अर्धा वाद तिथेच मिटतो असा माझा अनुभव आहे.

भारताच्या सुप्रीम कोर्टानं २ मे २०२२ ला साधारण हेच वेगळं करून दाखवलं. कोर्टानं लसीकरणाचं धोरण चुकीचं ठरवलं नाही. पण कुणावरही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही, आपल्या शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो, असं सांगितलं. समाजाच्या आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकतं, पण त्याला कायद्याचा आधार हवा, खरी गरज हवी आणि बंधन त्या गरजेच्या प्रमाणात हवं. आणि लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त फैलाव होतो हे दाखवणारा डेटा समोर ठेवला गेला नाही, त्यामुळे रुग्णसंख्या कमी असेपर्यंत त्यांच्यावरची बंधनं मागे घ्यावीत असं सुचवलं. कायदा, गरज, प्रमाण. कुठल्याही देशात असाल तरी या तीन चाळण्या कामाला येतात.

यानंतर बघायची ती जागा. १३ जानेवारी २०२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एकाच दिवशी दोन निकाल दिले, १०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या सगळ्या कंपन्यांना सरसकट लावलेला लस-किंवा-टेस्ट नियम थांबवला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांमधल्या कर्मचाऱ्यांसाठीची लसीची अट चालू ठेवली. कायद्याचा मुद्दा तिथे कुठल्या खात्याला किती अधिकार आहे हा होता, पण साध्या माणसालाही त्यातून एक गोष्ट घेता येते. केमो चालू असलेल्या पेशंटच्या खाटेशी रोज वाकणारी नर्स आणि घरून लॅपटॉपवर काम करणारा माणूस यांना एकाच मापानं मोजू नये. तुम्हाला आलेला नियम सगळ्यांना सरसकट असेल तर विचारा, माझं काम नक्की कुणाच्या किती जवळ जाऊन होतं ते पाहिलं का?

मग पर्याय. लस नाही तर दुसरं काय चालेल, हे नियमात लिहिलंय का ते बघायचं. युरोपियन युनियनचं कोविड सर्टिफिकेट १ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यात तीन वाटा होत्या: लस, टेस्ट, किंवा आजारातून बरं झाल्याची नोंद, आणि ती नोंद १८० दिवस चालायची. यातली ‘बरं झाल्याची’ वाट मला महत्त्वाची वाटते कारण अट जर प्रतिकारशक्तीची असेल तर ती कुठून आली याला दुय्यम महत्त्व असायला हवं. अर्थात हेही लगेच सांगायला हवं की मुद्दाम आजार ओढवून घेऊन प्रतिकारशक्ती कमावणं हा पर्याय नाही, त्या कमाईची किंमत कुणाच्या फुफ्फुसांनी चुकवली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. एप्रिल २०२० मध्ये ‘इम्युनिटी पासपोर्ट’ची, म्हणजे बरं झालेल्यांना मोकळं फिरायचा दाखला द्यायची टूम निघाली तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं सावध केलं होतं की बरं झालेल्यांना पुन्हा होणारच नाही याचा पुरावा अजून नाही, आणि लोक निर्धास्त होऊन काळजी घ्यायचं सोडतील.

पर्यायांची गोष्ट फार जुनी आहे खरं तर. इंग्लंडमध्ये १८५३ च्या कायद्यानं बाळांना देवीची लस सक्तीची झाली, पुढे दंड वाढले, तुरुंग झाले, आणि मार्च १८८५ मध्ये लेस्टर शहरात सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. पण मला त्या मोर्चापेक्षा त्या शहरानं काय केलं ते जास्त शिकण्यासारखं वाटतं: पेशंट सापडला की लगेच कळवायचं, त्याला वेगळं ठेवायचं, संपर्कात आलेल्यांवर लक्ष ठेवायचं, घर स्वच्छ करायचं. १८९८ मध्ये मग कायद्यानं मनापासून विरोध असलेल्या पालकांना सूट दिली. देवी मात्र शेवटी जगातून गेली ती लसीनंच, आणि शेवटच्या टप्प्यात वापरलेली रीत म्हणजे पेशंट शोधा, त्याच्याभोवतीच्या लोकांना लस द्या. १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिक लागणीचा शेवटचा पेशंट, आणि १९८० ला जग देवीमुक्त झाल्याची घोषणा. एकटी सक्तीही पुरत नाही आणि एकटा विरोधही पुरत नाही, हे दोन्ही बाजूंच्या लोकांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

नाही म्हणणाऱ्याला किती भोगावं लागतं हेही मोजायचं. अमेरिकेतला १९०५ चा जेकबसन खटला सक्तीचे समर्थक नेहमी पुढे करतात, कारण त्यात कोर्टानं देवीच्या लसीची सक्ती वैध ठरवली. पण तिथे शिक्षा होती पाच डॉलर दंड, कुणी धरून सुई टोचणार नव्हतं. शिवाय एखाद्याची तब्येतच अशी असेल की लसीनं त्याला अपाय होईल तर त्याच्यावर सक्ती करणं क्रूरपणाचं ठरेल, हेही कोर्टानं मान्य केलं होतं. पाच डॉलर दंड आणि आयुष्यभराची नोकरी जाणं यात फरक आहे.

शेवटची चाळणी म्हणजे तारीख. नियम कधी संपणार, किंवा कधी पुन्हा तपासला जाणार, हे लिहिलेलं नसेल तर तो नियम अर्धवट आहे असं समजा. युरोपियन सर्टिफिकेटला संपायची तारीख होती, वाढवली खरी एकदा, पण ३० जून २०२३ ला ते संपलं. ऑस्ट्रियानं फेब्रुवारी २०२२ मध्ये सगळ्या प्रौढांना लस सक्तीची केली, पण त्याच कायद्यात तज्ज्ञांनी वेळोवेळी आढावा घ्यायचा असं होतं, म्हणून मार्चमध्येच, दंड आकारायला सुरुवात होण्याआधी, सक्ती स्थगित झाली आणि नंतर कायदा मागे घेतला गेला. लोकांनी त्याला नाचक्की म्हटलं. मला उलट वाटतं, परिस्थिती बदलली आणि नियम बदलला, असंच तर व्हायला पाहिजे.

आता प्रत्यक्ष मेल किंवा नोटीस हातात आली की काय करायचं. पहिल्या दिवशी उत्तर देऊ नका, रागात तर अजिबात नको. नोटीस दोनदा वाचा आणि बघा की ‘बंधनकारक’ लिहिलंय का ‘अपेक्षित’, शेवटची तारीख काय, न दिल्यास काय होईल, आणि ही सरकारी आदेशाची अंमलबजावणी आहे का त्या संस्थेनं स्वतःच ठरवलंय. मग लेखी विचारा. तोंडी विचारलेलं हवेत जातं. मी लोकांना साधारण असा मजकूर लिहून देते:

‘नमस्कार, लसीच्या नियमाबद्दलचा मेल मिळाला. सहकार्य करायची माझी तयारी आहे. त्याआधी काही गोष्टी लेखी कळाव्यात ही विनंती. हा नियम कोणत्या कायद्याच्या किंवा आदेशाच्या आधारे आहे? माझ्या कामासाठी तो का आवश्यक आहे? आजार होऊन गेल्याची नोंद, टेस्ट, मास्क किंवा घरून काम यापैकी काही चालेल का? माझी वैद्यकीय माहिती कोण पाहणार, कुठे ठेवणार आणि कधी काढून टाकणार? नियमाचा आढावा कोणत्या तारखेला आहे? उत्तर येईपर्यंत माझ्या कामात बदल करू नये ही विनंती.’

यात लस घेतली की नाही हे कुठेही सांगितलेलं नाही, आणि भांडणही नाही. ज्यांनी दोन्ही डोस घेतलेत त्यांनीही हा मेल पाठवावा असं मी म्हणेन, कारण प्रश्न विचारणारे फक्त लस न घेतलेलेच असतील तर त्यांना एकटं पाडणं सोपं जातं.

तब्येतीचं खरं कारण असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना एक काळजी घ्या. ‘यांना लस देऊ नये’ एवढ्या एका ओळीवर कुणी समाधानी होत नाही. कोणती लस, तिच्यातल्या कुठल्या घटकाची गंभीर ॲलर्जी आहे किंवा कुठल्या अवस्थेमुळे नको, कायमची नको का ठरावीक काळापुरती, दुसऱ्या प्रकारची लस चालेल का, एवढं त्यात हवं. उदाहरणार्थ गोवराची लस जिवंत विषाणू कमजोर करून बनवलेली असते, ती गरोदरपणात देत नाहीत आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनाही देत नाहीत, पण गरोदरपण संपलं की ते कारण संपतं. संस्थेला पूर्ण केस पेपर द्यायची गरज नाही, चिठ्ठी पुरे. आणि हे लोक म्हणजे सूट मागणारे आगाऊ लोक नाहीत, बाकीच्यांनी लस घ्यावी यासाठी सगळ्यात जास्त जीव यांचाच टांगणीला लागलेला असतो.

प्रवासाचं वेगळं. तिथे वाद घालायला जागा जवळजवळ नसते, काउंटरवरचा माणूस कागद बघतो आणि विमानात चढू देतो किंवा देत नाही. पीतज्वराचं पिवळं सर्टिफिकेट हे याचं सगळ्यात जुनं चालू उदाहरण. लस घेतल्यावर १० दिवसांनी ते लागू होतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. पूर्वी ते १० वर्षं चालायचं, जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतं, त्याआधी काढलेलं जुनं असलं तरी. त्यावर पासपोर्टप्रमाणेच नाव हवं, लसीचा बॅच नंबर, देणाऱ्याची सही आणि अधिकृत केंद्राचा शिक्का हवा, तिथल्या तिथे बोट ठेवून तपासून घ्या, घरी येऊन चूक सापडली की पुन्हा फेरी. तब्येतीमुळे ही लस घेता येत नसेल तर डॉक्टर सूट लिहून देऊ शकतात, पण ती मानायची की नाही हे त्या देशाच्या हातात असतं, म्हणून तिकीट काढायच्या आधी त्यांच्या दूतावासाला विचारा.

कागद सांभाळायची पद्धत साधी ठेवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका, कोडवर घडी पडू देऊ नका, एक प्रिंट कोरी सपाट ठेवा आणि पीडीएफ स्वतःच्या फोनमध्ये, इंटरनेट नसतानाही उघडेल अशी. आईवडिलांचं सर्टिफिकेट तुमच्या नंबरवर असेल तर त्यांच्या हातात प्रिंट द्या, आजच द्या. अँटीबॉडी टेस्टचा रिपोर्ट दाखवून काम होईल असं धरून चालू नका, किती अँटीबॉडी म्हणजे पुरेसं संरक्षण याचा सर्वमान्य आकडा कोविडसाठी नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो रिपोर्ट ग्राह्य धरत नाहीत.

आणि खोटं सर्टिफिकेट कधीच नको. अट कितीही अन्यायाची वाटली तरी नको. तुमचा विरोध तत्त्वाचा असेल तर तो उघडपणे मांडा, टेस्ट द्या, मास्क लावा, लांब बसा, त्याची किंमत मोजा, तुमच्याशी मतभेद असले तरी मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. खोटा कागद दाखवून तुम्ही किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या शेजाऱ्याच्या बाजूला जाऊन बसलात तर त्यानं धोका पत्करायचा की नाही हे ठरवायचा हक्कच तुम्ही काढून घेतला. बाहेर पडता येणं, कामावर जाता येणं, हे त्याचंही स्वातंत्र्य आहे.

नियम बनवायची वेळ तुमच्यावर आली तर, म्हणजे शाळेच्या समितीत असाल किंवा ऑफिसात, माझं एवढंच ऐका. आधी आजारी माणसाला पगारी रजा द्या, मग सर्टिफिकेट मागा. खोकणारे साहेब त्या दिवशी आले कारण सुट्टी घेतली तर काम अडलं असतं, आणि ते तर साहेब होते. लस घ्यायला जायला अर्धा दिवस द्या, दुसऱ्या दिवशी ताप आला तर तोही द्या, बरेच लोक विरोध म्हणून नाही तर रोज बुडेल म्हणून थांबलेले असतात. खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा, त्याला कुणाचीच हरकत नसते. पुरावा बघा आणि परत द्या, कॉपी ठेवू नका, ठेवायचंच असेल तर फक्त ‘पाहिलं, अमुक तारखेला’ एवढंच लिहा. स्कॅन होत नसेल तर माणसानं डोळ्यांनी वाचून आत सोडायचं हे गेटवरच्या व्यक्तीला आधीच सांगून ठेवा, तिला स्वतःच्या हिमतीवर ठरवायला लावू नका.

आणि नियम संपला की आवरायचं. आमच्याकडे अट उठल्यावरही सगळ्यांच्या सर्टिफिकेटच्या फायली एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये तशाच होत्या, नाव, वय, ओळखपत्राचा नंबर सगळं उघडं, आणि ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. मी मेल टाकला, दोन आठवडे काही झालं नाही, पुन्हा टाकला, मग एका दुपारी ऑफिसातली एक सहकारी आणि मी, आम्ही दोघींनी बसून ते फोल्डर रिकामं केलं, बॅकअपमधूनही काढलं आणि काढल्याचं सगळ्यांना लेखी कळवलं. मावशींना मेल नाही म्हणून त्यांना जाऊन सांगितलं, त्या दिवसाच्या पगाराचा अर्जही तेव्हाच त्यांच्या वतीनं भरला, आणि तो मंजूर झाला. तुमचे कागद कुठे दिले होते ते आठवा आणि तिथे आज एक मेल टाका: ‘माझ्या लसीच्या नोंदी तुमच्याकडे अजून आहेत का, असतील तर काढून टाकल्याचं लेखी कळवा.’